शेवटच्या गाडीतली जागा

कोणी माझ्यासमोर जपानी माणसाच्या नम्रतेचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं आजही सटकतं. दिवाळीच्या फराळाला चार मराठी घरं जमली की कोणीतरी सुरू करतंच. काय ती शिस्त, काय ते वाकणं, काय ते ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’! मी उठून चहा टाकायला आत जाते. नवरा समजतो आणि विषय बदलतो. कारण मी एकदा बोलायला लागले की होक्काइदोमधलं ते गाव निघतं, आणि मग फराळ राहतो बाजूला.

नव्वदच्या दशकात आम्ही तिथे दोन-तीन हिवाळे काढले. नवरा कावासाकीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होता. कंपनीने त्या गावात एक छोटा कारखाना काढला, रेल्वेच्याच एका रिकाम्या गोदामात. गाव पुन्हा उभं करायचं म्हणून नगरपालिकेने जागा दिली, भाषणं झाली, रिबीन कापली, आणि मशीनं बसवायला नवऱ्याची रवानगी झाली. त्याच्यामागून मी आणि आमची लेक. माझ्या डोक्यात जपान म्हणजे कावासाकी. जिना उतरलं की कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडं दुकान, दूध, ब्रेड, छत्री, काय हवं ते रात्रंदिवस. रस्ता ओलांडला की स्टेशन, आणि एक गाडी चुकली तर दुसरी समोर उभी. इथे भर दुपारी आम्ही उतरलो तेव्हा गाडी म्हणजे एकच डबा होता आणि उतरणारे फक्त आम्ही. फलाट मात्र संपता संपेना. पलीकडे रुळांच्या ओळीच्या ओळी, त्यांच्यात कमरेएवढं गवत.

“कसलं गाव आहे हे?” मी विचारलं.

“रेल्वेचं,” नवरा म्हणाला आणि बॅगा उचलून चालायला लागला.

गावाची खरी गोष्ट मला सांगितली ती स्टेशनसमोरच्या खाणावळवाल्या आजीने. आमचं भाड्याचं घर तिच्या शेजारी, जुन्या रेल्वे क्वार्टर्सच्या ओळीत. लेक तिला जपानी पोरांसारखं ‘ओबाचान’ म्हणायची, मी मनातल्या मनात आजी म्हणायचे, आणि ती मला ‘ओकुसान’, म्हणजे आपल्याकडच्या वहिनीसारखं. माझं जपानी तेव्हा भाजी-किराण्यापुरतं. पण आजी सावकाश बोलायची, आणि जिथे अडे तिथे लेक सांगायची. तीही मराठीत विचारलेल्याचं उत्तर जपानीत द्यायची, मग मी तिच्यावर डाफरायचे.

आधी तिथे काहीच नव्हतं. जंगल, अस्वलं आणि नदी. पलीकडच्या खोऱ्यातून कोळसा आणायचा तर मध्ये घाट. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागे. आपल्याकडे कर्जतला लावतात तसंच. त्या जादा इंजिनांना राहायला जागा हवी, पाणी हवं, कोळसा हवा, त्यांना हाकणारी माणसं हवीत, म्हणून गाव झालं. इंजिनशेड झाली, क्वार्टर्स झाल्या, सार्वजनिक न्हाणीघर झालं, शाळा, सिनेमाचं थिएटर, दारूचे गुत्तेसुद्धा. गाडी थांबते म्हणून कर्जतचा वडा खपतो, तसा आजीच्या सासूचा सोबा खपायचा. गरम रश्शात कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वर कांद्याची पात. इंजिन जोडेपर्यंत लोक फलाटावर उभ्या उभ्या वाट्या रिकाम्या करायचे. आजी लग्न होऊन आली तीही याच गाडीने, घाट ओलांडून. गाडीत डाव्या बाजूला खिडकीशी बसली होती. घाटमाथ्यावरच्या बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि खाली सगळं गाव धुरात दिसलं. “मला वाटलं, आग लागली आहे,” ती सांगायची आणि तोंडावर हात धरून हसायची.

तिचा नवरा मागच्या इंजिनाचा ड्रायव्हर. जन्मभर त्याने गाड्या मागून ढकलल्या. पुढचं इंजिन घाट उतरून लांब शहरात जायचं, त्याचं इंजिन माथ्यावर सुटं होऊन परत यायचं. पुढे डिझेल आलं, त्याला मागून ढकलायची गरज नव्हती. मग खाण बंद पडली, मालगाड्याही थांबल्या. शेड रिकामी झाली, थिएटर पडलं, शाळेतले वर्ग एकेक करून कुलूपबंद झाले. नंतर सरकारने रेल्वेचे तुकडे पाडून कंपन्या केल्या आणि नव्या कंपनीने स्टेशनमास्तरही काढून घेतला. आजीचा नवरा हे सगळं बघून मग गेला. मुलगा कावासाकीला नोकरीला. आजीने फलाटावरचा सोबा बंद केला, पण समोरची खाणावळ सोडली नाही.

आता माझा संताप ऐका. स्टेशनमास्तर गेल्यावर ते स्टेशन चालवलं कोणी? या बायकांनी. बर्फ पडला की पहाटे उठून आजी आणि शेजारणी फावडी घेऊन फलाट मोकळा करायच्या. वेटिंग रूममधली शेगडी पेटवायच्या, संडास धुवायच्या, खिडकीत फुलं ठेवायच्या. फुकट! कंपनीने साधी फावडीसुद्धा दिली नव्हती. मीही जायचे, कारण नाही गेलं तर आजी माझ्या दारासमोरचाही बर्फ काढून ठेवायची आणि मग मला लाज वाटायची. एकदा मी म्हटलं, “आजी, हे काम कंपनीचं आहे.” ती म्हणाली, “पण घसरून पडणारा माणूस आमचा पाहुणा ना?” मग काय, उचललं फावडं.

मग लाइन बंद करायचं ठरलं. शाळेच्या हॉलमध्ये माहिती द्यायची सभा भरवली. काळ्या सुटातली कंपनीची माणसं ओळीने उभी राहिली आणि कमरेत वाकली. ‘आपल्याला त्रास होत आहे, अत्यंत दिलगीर आहोत.’ प्रवासी नाहीत, तोटा आहे, रेल्वेऐवजी बस देऊ. पलीकडून मोठा रस्ता झाला आहेच. आणि शेवटी काय म्हणाला तो मेला? स्टेशनची इतकी वर्षं निगा राखल्याबद्दल महिला मंडळाचे मनःपूर्वक आभार! मी वाट बघत होते, आता कोणीतरी खुर्ची आपटेल, निदान आवाज चढवेल. तर सगळ्या उठल्या आणि उलट वाकल्या. ‘आम्हीच आपले आभारी आहोत.’ मला वाटलं, माझी नस तुटेल.

सभेनंतर बायका आजीच्या खाणावळीत चहाला बसल्या. माझ्याने राहवेना. म्हटलं, “तुम्ही रुळांवर का बसत नाही?”

कोणाला कळेचना. मग मी लेकीला मधे घेऊन सांगितलं. आमच्याकडे याला रेल रोको म्हणतात. गाडी बंद करणार असं कळलं की अख्खं गाव रुळांवर जाऊन बसतं. बायका पुढे, पोरं कडेवर. गाडी येते, तिला थांबावंच लागतं. मग साहेब लोक धावत येतात आणि बोलणी होतात. वाकणं नंतर.

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एक म्हणाली, “पण गाडीतल्या माणसांना उशीर होईल ना?”

“होऊ दे की!”

“त्यांची काय चूक?”

आजी तेवढी हसत नव्हती. तिने विचारलं, “रूळ गार असतात. खाली काही अंथरता का?”

मी कपाळावर हात मारला. “नाही हो आजी. तसंच बसतात.”

“मग थंडी बाधत असेल,” ती म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

त्याच सुमारास आमचाही गाशा गुंडाळायची वेळ आली. जपानच्या बाजारात पैशाची हवा भरली तेव्हा सगळ्यांना गावं उभी करायची होती, ती सुटली तेव्हा कारखाना परवडेना झाला. नवऱ्याची बदली परत कावासाकीला. आजीनेही खाणावळ आवरली. मुलगा तिला घेऊन जायला गाडी घेऊन येतो म्हणत होता, रस्त्याने. ती नको म्हणाली. तिचं एकच म्हणणं होतं आणि ते तिने मला अनेकदा सांगितलं: “मी शेवटच्या गाडीने जाणार.” जशी आली तशीच, घाट ओलांडून, खिडकीशी बसून. आणि एकटी नाही. जपानी घरात गेलेल्या माणसाच्या नावाची काळी लाकडी पाटी देव्हाऱ्यात असते, ती ती मांडीवर घेणार होती. “ह्यांनी सगळ्यांना माथ्यापर्यंत पोचवलं आणि प्रत्येक वेळी परत आले. पलीकडे कधी गेलेच नाहीत. एकदा घेऊन जाते.” एवढंच. दुसरं काही त्या बाईने कोणाकडे मागितलं नव्हतं. कंपनीकडे नाही, नगरपालिकेकडे नाही, मुलाकडेही नाही.

शेवटचा दिवस शरद ऋतूतला. डोंगर लाल झाले होते. आणि सकाळपासून गावात ही गर्दी! गळ्यात कॅमेरे, हातात तिकाटणी, खांद्यावर छोटी शिडी. तोक्योहून, ओसाकाहून, कुठकुठून रेल्वेचे शौकीन लोटले होते. आले कसे? मोटारींनी! ज्या रस्त्याने या लाइनचा जीव घेतला त्याच रस्त्याने मेले गाड्या घेऊन आले, रेल्वेला निरोप द्यायला. आजीच्या खाणावळीसमोर, इंजिनशेडच्या अंगणात, शाळेच्या मैदानावर मोटारीच मोटारी. एक जण माझा फोटो काढायला लागला, परदेशी बाई फलाटावर म्हणून. मी त्याला मराठीत अशी एक सुनावली की त्याने वाकून माफी मागितली. नशीब, त्याला कळलं नाही.

आजी सकाळीच येऊन फलाटावर उभी राहिली. दार जिथे येतं तिथे खूण असते, त्या खुणेवर, रांगेत सर्वांत पहिली. ठेवणीतला राखाडी किमोनो, पायाशी बॅग, छातीशी जांभळ्या कापडात बांधलेली ती पाटी. गावातली उरलीसुरली माणसं मागे हातात कागदी झेंडे घेऊन. मी लेकीला घेऊन जरा बाजूला, कुंपणाशी. शाळेतली चार पोरं बाजा वाजवत होती.

गाडी आली. त्या दिवशी मोठ्या मनाने दोन डबे जोडले होते. आणि दोन्ही मागच्या स्टेशनांतूनच गच्च भरून आले होते! काचांना कॅमेरे चिकटलेले. दार उघडलं, आत जेमतेम पाय ठेवायला जागा. आजी पाय उचलणार तेवढ्यात मागून दोघं-तिघं कॅमेरेवाले पुढे सरले. “सुमिमासेन, सुमिमासेन.” माफ करा म्हणत म्हणत ढकलायचं, हीपण एक कला आहे.

आणि आजी बाजूला झाली!

“दोझो,” म्हणाली. या, आधी तुम्ही. “लांबून आलात.”

मला वाटलं, दोघं चढले की ती चढेल. पण त्यांच्या मागे आणखी होते, त्यांच्या मागे आणखी. आणि आजी बाजूला झाली म्हणून तिच्या मागचं सगळं गाव बाजूला झालं. दोन्हीकडे ओळी करून उभे राहिले आणि वाकून वाकून पाहुण्यांना चढवायला लागले. दोझो, दोझो, दोझो. यजमानाने पाहुण्याच्या आधी ताटावर बसायचं नसतं ना! पण अरे, हे काय ताट होतं का? तुमची गाडी, तुमचं स्टेशन, तुमच्या हाताने फलाटाचा बर्फ काढलेला, आणि शेवटच्या गाडीत गावातलं एकही माणूस नाही!

माझं डोकं फिरलं. लेकीचा हात शेजारणीच्या हातात दिला आणि मी घुसले. आजीला दंडाला धरलं, तिची बॅग उचलली, तिला आत कोंबलं आणि मागोमाग मीही चढले. डाव्या बाजूच्या खिडकीत एक जण कॅमेऱ्याची पेटी शेजारच्या सीटवर ठेवून बसला होता. पेटीला तिकीट होतं की काय कोण जाणे. मी ती उचलून त्याच्या मांडीवर आदळली. मोडक्यातोडक्या जपानीत जेवढा मोठा आवाज निघाला तेवढ्या मोठ्याने ओरडले, “ही बाई या गावची आहे! हिला जागा द्या!”

तो माणूस लालबुंद होऊन उठला. खरंच उठला हो. जागा रिकामी झाली, डाव्या बाजूची, खिडकीची. फक्त बसायचं बाकी.

आजी त्याच्यासमोर वाकली. मग डब्यातल्या सगळ्यांसमोर वाकली. “माफ करा, गोंधळ झाला. आपण बसा, आपण बसा.” माझ्या हातातून तिने बॅग काढून घेतली, हळूच, भांडण न करता, आणि उतरली. मी मागून ओढत होते, “आजी, अहो आजी, बसा ना!” तर मलाही उतरवलं. दार लागलं. शिट्टी झाली. तिकाटण्यांवरचे कॅमेरे खटखटले. गाडी हलली आणि सगळं गाव झेंडे हलवायला लागलं. आजी कमरेतून वाकली ती गाडी वळणाआड जाईपर्यंत तशीच, पाटी छातीशी धरून.

“आता काय कराल?” मी रडत होते, रागाने. “कशाने जाल?”

“बस आहे ना, ओकुसान,” ती म्हणाली.

मी तिच्याशी बोलले नाही. मला आजही त्या ओरडण्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की अजून जोरात ओरडता आलं नाही. मोटारी निघून गेल्यावर फलाटावर कॉफीचे रिकामे डबे आणि फिल्मच्या डब्या पडल्या होत्या. बायकांनी झाडू आणले. मी घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कारखान्यात, लेक शाळेत. दारात आजी. किमोनो नाही, शेतातले रबरी बूट, पाठीवर पिशवी, गळ्यात ते जांभळं गाठोडं बांधलेलं. हातात अस्वलांना दूर ठेवायच्या दोन घंटा. एक माझ्यापुढे धरली.

“चालत जाऊ या,” म्हणाली. “बोगद्यापर्यंत.”

मी भांडण विसरले आणि चपला बदलल्या.

गावाबाहेरच्या फाटकाशी कंपनीची माणसं आधीच पोचली होती. एक रात्र दम निघाला नाही! सिग्नलच्या दिव्यावर काळं कापड बांधत होते, रुळांवर आडवी दोरी आणि ‘प्रवेश बंद’ची पाटी. डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेला एक जण पुढे आला, वाकला. “माफ करा, इथून पुढे धोका आहे. जाता येणार नाही.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजी बोलली.

“कसला धोका? गाडी येणार आहे का?”

“नाही, गाडी तर आता...”

“मग हो बाजूला.”

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून असं मी ऐकलं नव्हतं. त्या बिचाऱ्यानेही नसावं. त्याने मुकाट्याने दोरी वर उचलली आणि आम्ही दोघी खालून गेलो. आजीने त्याच्याकडे मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. वाकली ती फक्त दोरीखालून जाण्यापुरती.

घाटाचा चढ पायाला जाणवत होता. आजी स्लीपरवर स्लीपर टाकत चालली होती. कुठे पाण्याची टाकी होती, कुठे ह्यांचं इंजिन दम टाकायचं, मधूनच सांगायची. मला की पाटीला, ते कळत नव्हतं. बोगद्याच्या तोंडाशी पोचलो. आतून गार वारा येत होता. मागे वळून बघितलं तर खाली सगळं गाव, आणि कुठेही धूर नाही.

आजीने पिशवी उघडली. मला वाटलं, भाताचे मुटके काढेल. तिने आधी काढल्या दोन छोट्या चौकोनी गाद्या, खाणावळीतल्या. एक एका रुळावर, एक दुसऱ्यावर. व्यवस्थित झटकून ठेवल्या. स्वतः एकीवर बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला समोर बसायची खूण केली.

“तुमच्याकडे असंच बसतात ना?”

“असंच,” मी म्हटलं. “पण गाडी बंद व्हायच्या आधी.”

तिने भाताचे मुटके काढले, एक मला दिला. दोघी खात बसलो. थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि कान दिला. गाडीची वेळ झाली होती. जन्मभर त्या वेळेला ती चुलीपासून उठून फलाटाकडे बघायची, ते अंगात मुरलेलं. मी हळूच म्हटलं, “आजी, गाडी नाही येणार आता.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आली असती तरी आज उठले नसते.”